शेजाऱ्याचा शब्द व शेजारणीचा शब्द

मृगाचे दिवस जवळ आले म्हणजे यंदा बी कोणते आणावे, हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यासाठी कृषी विद्यापीठांच्या शिफारशी छापलेल्या असतात, कंपन्यांचे फलक रस्तोरस्ती लागलेले असतात, आणि अलीकडे हातातील मोबाईलवरही जाहिरातींचा मारा चालू असतो. तथापि प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी या साऱ्यांहून ओळखीच्या माणसाच्या तोंडचा शब्द अधिक प्रभावी ठरतो, असा सर्वत्र अनुभव आहे. ‘अमक्याने गेल्या साली हेच लावले होते, त्याला चांगले उतरले,’ एवढे वाक्य कानी पडले की पिशवी घेण्याचा निश्चय होतो. व्यापाऱ्यांनी या शब्दाचे सामर्थ्य फार पूर्वीच ओळखले आहे, आणि तो शब्द योजनापूर्वक पसरविणे हा आता मालविक्रीचा एक रूढ मार्ग झाला आहे. या मार्गाचा परिणाम पुरुषांवर व स्त्रियांवर सारखाच होतो की भिन्न होतो, आणि भिन्न होत असल्यास त्यापासून शेतकऱ्याने काय बोध घ्यावा, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

शेतीच्या मासिकाने बाजारपेठेच्या विषयात कशास पडावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. शेतकरी हा जसा माल विकणारा आहे, तसाच तो माल विकत घेणाराही आहे. बी, खत, औषध, पंप, पाइप, पशुखाद्य या साऱ्यांसाठी तो दरवर्षी दुकानाच्या पायऱ्या चढतो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच होय, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिलेला आहे. १९६६ चा बियाणे कायदा अस्तित्वात असला, तरी शेतकऱ्यास ग्राहक मंचाकडे दाद मागण्याची वाट बंद होत नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे. तेव्हा ग्राहकाचे मन कसे वळविले जाते, हे जाणून घेणे शेतकऱ्यास अवश्य आहे.

शब्दाचे हे सामर्थ्य केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेतील आयोवा प्रांतात संकरित मक्याचे बी १९२८ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागले. त्याचा प्रसार कसा झाला, याची चौकशी ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोन संशोधकांनी तेथील दोन वस्त्यांत केली आणि तिचा वृत्तांत १९४३ साली प्रसिद्ध केला. चौकशीत आलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळून सर्वांनी १९४१ पर्यंत नवे बी स्वीकारले होते. यांतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नव्या बियाण्याची पहिली वार्ता सुमारे निम्म्या शेतकऱ्यांस कंपनीच्या विक्रेत्याकडून कळली. परंतु ‘पेरावे’ असा निश्चय कोणाच्या सांगण्याने झाला, असे विचारता सर्वांत अधिक लोकांनी शेजाऱ्याचे नाव घेतले. विक्रेत्याने माहिती दिली, विश्वास मात्र शेजाऱ्याने दिला. त्यातही बहुतेकांनी प्रथम थोड्याच क्षेत्रावर पेरून पाहिले आणि मगच सारे रान त्या बियाण्याखाली आणले. शेजाऱ्याच्या शब्दाला स्वतःच्या प्रयोगाची जोड देण्याचा तो शहाणपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. या चौकशीचा रोख मात्र शेती चालविणाऱ्या कर्त्या माणसांवर होता.

स्त्रियांच्या बाबतीत अशीच एक प्रसिद्ध चौकशी त्याच देशातील इलिनॉय प्रांतात डिकेटर या शहरी १९४५ साली झाली. कॅट्झ व लाझर्सफेल्ड या विद्वानांनी सुमारे ८०० स्त्रियांस प्रश्न विचारून, घरातील वस्तू, कपडे, सिनेमा व सार्वजनिक प्रश्न यांविषयी त्यांचे मत कोणाच्या सांगण्याने बनते, याचा शोध घेतला आणि १९५५ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. घरगुती खरेदीच्या बाबतीत वर्तमानपत्र व रेडिओ यांच्या जाहिरातींपेक्षा ओळखीच्या बाईचे सांगणे अधिक परिणाम करते, असे त्यांस आढळले. ही सांगणारी बाई श्रीमंत किंवा मोठ्या पदाची असावी लागत नाही. ती बहुधा विचारणारीच्याच बरोबरीच्या स्थितीतील, मोठे कुटुंब सांभाळणारी, दररोजच्या खरेदीचा अनुभव गाठी असलेली अशी गृहिणी असते. सार्वजनिक प्रश्नांविषयी मात्र सामाजिक दर्जाचे वजन अधिक पडते, आणि तेथे पती व पिता यांच्या मताचा प्रभाव पुष्कळ दिसून येतो. म्हणजे ज्या विषयात अनुभव, त्या विषयात शब्दाला मान, हा नियम त्या स्त्रियांनी घरखर्चात आपोआप पाळला होता.

यापुढील पायरी २००४ सालची आहे. इंटरनेटवरून खरेदी करण्याची पद्धत तेव्हा नवी होती. गार्बारिनो व स्ट्राहिलेविट्झ या संशोधकांनी स्त्रिया व पुरुष यांची तुलना केली, तेव्हा अशा खरेदीत स्त्रियांस पुरुषांपेक्षा अधिक धोका वाटतो, असे आढळले. परंतु ते विक्रीस्थळ एखाद्या स्नेह्याने सुचविलेले असले, तर स्त्रियांची भीती पुरुषांच्या मानाने अधिक कमी होते आणि खरेदीची तयारीही अधिक वाढते. विश्वासाच्या माणसाचा शब्द स्त्रियांच्या मनावर अधिक काम करतो, असे जे बाजारात म्हटले जाते, त्यास येथे आधार मिळतो. अर्थात ही सरासरीची गोष्ट झाली. अमक्या एका स्त्रीचे किंवा पुरुषाचे मन कसे चालेल, हे सरासरीवरून ठरविता येत नाही, आणि अमेरिकेतील इंटरनेटच्या खरेदीचा नियम बांधावरच्या खरेदीस जसाच्या तसा लावणेही योग्य होणार नाही.

या निष्कर्षावरून ‘बायका भोळ्या, त्यांना कोणीही काहीही सांगावे’ असे अनुमान काढणारे लोक आहेत. आमच्या मते हे अनुमान उलटे आहे. ज्याला धोका अधिक दिसतो, तो अधिक विचारपूस करतो. विचारपूस करणे हे सावधपणाचे लक्षण आहे, भोळेपणाचे नव्हे. आणि धोका अधिक दिसण्याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी ते परिस्थितीत शोधावे. शेतकरी कुटुंबातील स्त्रीच्या हाती स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याजोगी रक्कम बेताचीच असते. आणलेली वस्तू वाईट निघाली, तर ती घेऊन तालुक्याच्या दुकानी परत जाणे आणि तेथे दुकानदाराशी चार शब्द बोलणे तिला पुरुषाइतके सोपे नसते. नुकसान झाले तर ‘हिला काय कळते’ हा शेराही तिलाच ऐकावा लागतो. जिला चुकण्याची मुभा कमी, ती आधी विचारून घेते. ज्या पुरुषाची स्थिती अशी असेल, तोही असेच करील. अल्पभूधारक शेतकरी हा मोठ्या बागायतदारापेक्षा शेजाऱ्यास अधिक विचारतो, त्याचेही मूळ हेच आहे.

उलटपक्षी, पुरुष कोणाचे ऐकत नाहीत, ते आकडे पाहून स्वतंत्र बुद्धीने ठरवितात, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. आपल्या शेजारच्या वरंगळ जिल्ह्यातील कापसाच्या शेतकऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने २००७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतात बीटी कापसास परवानगी २००२ साली मिळाली. त्यानंतर बाजारात वाणांची गर्दी झाली, नावे दरवर्षी बदलू लागली, आणि कोणत्याही एका वाणाची स्वतः परीक्षा करण्यास शेतकऱ्यास अवसर राहिला नाही. त्यामुळे एखाद्या गावात एकाएकी एकाच वाणाची लाट यावी आणि पुढच्या वर्षी ती ओसरून दुसऱ्याच वाणाची यावी, असे प्रकार त्यांनी नोंदले. या लाटांस जमीन, पाणी किंवा उत्पन्न यांचा आधार दिसत नव्हता. दुसऱ्याने घेतले म्हणून आपण घेतले, एवढेच कारण होते. बियाण्याच्या दुकानावर गर्दी कोणाची असते, हे वाचकांस सांगावयास नको. तेव्हा पुरुषही शब्दावरच चालतात. भेद एवढाच की चावडीवर, दुकानाच्या बाकावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात ऐकलेल्या शब्दाला ते ‘माहिती’ म्हणतात, आणि पाणवठ्यावर, खुरपणीच्या पातीत किंवा बचत गटाच्या बैठकीत बायकांनी ऐकलेल्या शब्दाला ‘गप्पा’ म्हणतात.

खरा महत्त्वाचा भेद आम्हांस दुसरीकडेच दिसतो. तो म्हणजे शब्दात काय विचारले जाते व काय सांगितले जाते, याचा. याचे आपल्या घरचे उदाहरण संकरित ज्वारीचे आहे. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला. धान्याची टंचाई असलेल्या त्या काळात एकरी उतारा वाढविणारे हे बी देशाच्या गरजेचे होते, आणि महाराष्ट्रात खरिपाच्या ज्वारीत संकरित वाणांचा प्रसार वेगाने झाला, यात शंका नाही. पुरुषांच्या बैठकीत त्याची जी कीर्ती पसरली ती उताऱ्याची: एकरी पोती किती, पीक किती दिवसांत येते, बाजारात भाव काय. घरात मात्र दुसरी हकीकत चालू होती. ताट ठेंगणे, म्हणून कडबा कमी. कणसे भरण्याच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडे. पिठास ओढ नसल्यामुळे भाकरी थापताना चिरे, आणि दुसऱ्या वेळेस ती खाववत नसे. ही सारी माहिती घराघरांतील स्त्रियांस पहिल्या हंगामातच झाली, आणि तीही तोंडोतोंडीच पसरली. ‘हायब्रीड’ हा शब्द बेचव व निःसत्त्व वस्तूस लावण्याची जी रूढी मराठीत पडली, ती कोणा संशोधकाने पाडलेली नाही. चुलीपाशी झालेल्या परीक्षेचा तो निकाल आहे.

याच वेळी रब्बीच्या पट्ट्यात मालदांडी आपली जागा धरून राहिली. मोहोळच्या केंद्रात निवड करून काढलेल्या मालदांडी ३५-१ या वाणास सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या भागांत आजही मागणी आहे. त्याचे कारण केवळ त्याचा कोरडवाहू जमिनीतील टिकाऊपणा नव्हे. पांढरा टपोरा दाणा, गोड भाकरी व भरपूर कडबा या गुणांमुळे बाजारात त्यास चांगला भाव मिळतो. म्हणजे स्त्रिया ज्या गुणांविषयी एकमेकींस विचारीत होत्या, त्यांचेच पुढे बाजारात पैसे झाले. पोत्यांच्या हिशेबाबरोबर भाकरीचा व कडब्याचा हिशेब आरंभीच मांडला गेला असता, तर खरिपाच्या काळ्या पडलेल्या ज्वारीस मातीमोल भावाने विकण्याचे प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवरील टळले असते, असे आमचे मत आहे. पुढे संशोधकांनीही दाण्याची प्रत, बुरशीस प्रतिकार व कडबा यांकडे लक्ष दिले. परंतु शेतकऱ्याच्या घरातच जे ज्ञान पहिल्या वर्षी होते, ते खरेदीच्या निर्णयापर्यंत पोहोचावयास फार काळ लागला.

ते का पोहोचत नाही, याचे उत्तर आफ्रिकेतील मलावी देशात झालेल्या एका प्रयोगात सापडते. तेथील १४२ गावांत शेतीची नवी पद्धत शिकून ती इतरांस शिकविण्याचे काम काही ठिकाणी पुरुषांस व काही ठिकाणी स्त्रियांस सोपविण्यात आले. स्त्रियांनी ती माहिती पुरुषांइतकीच उत्तम रीतीने शिकून लक्षात ठेविली. त्यांच्याकडून जे शिकले, त्यांच्या शेतांत उत्पन्नही अधिक आले. असे असूनही त्या स्त्रियांस इतरांचे मन वळविण्यात पुरुषांइतके यश आले नाही. कारण गावकऱ्यांनी त्यांस आधीच कमी जाणत्या समजून त्यांच्या सांगण्याकडे कमी लक्ष दिले. या प्रयोगाचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. शिकविणारी योग्य, शिकवण खरी, परिणाम उत्तम. उणीव फक्त ऐकणाऱ्यांच्या कानांची होती. मलावी दूर असले, तरी हे चित्र आपणांस परके वाटत नाही.

आपल्याकडे तर यास कागदाचाही आधार मिळतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे भारतात शंभर वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ आहेत. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, बियाण्याची राखण या कामांत स्त्रियांचा वाटा किती, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु सातबारावर नाव नाही म्हणून मेळाव्याचे निमंत्रण नाही, पीकप्रात्यक्षिकास बोलावणे नाही, आणि दुकानाच्या पावतीवरही नाव नाही. जेथे नाव नाही, तेथे मत विचारण्याची आठवणही कोणास होत नाही. याला अपवाद जेथे झाला, तेथे काय घडते, तेही आपण पाहिले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, भाज्या, भात इत्यादींचे बियाणे जतन केले, ते बियाणे व त्याचे गुण बायाबायांत सांगत वाटत गेल्या, आणि त्यांच्या बियाणे बँकेची कीर्ती देशभर झाली. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा शब्द पसरला, कारण संस्थांनी व शास्त्रज्ञांनी तो ऐकून घेण्याचे मनावर घेतले. प्रत्येक गावात असा शब्द बोलणाऱ्या दोनचार जाणत्या बाया असतातच. ऐकून घेणारेच कमी पडतात.

आपण जे ऐकत नाही, ते व्यापारी मात्र नीट ऐकतो. पुरुषांसाठी त्याची रीत ठरलेली आहे. गावातील एखाद्या प्रगतिशील शेतकऱ्याच्या रस्त्याकडेच्या शेतात नमुन्याचे पीक उभे करावयाचे, त्यास बी-खत फुकट किंवा सवलतीने द्यावयाचे, पीक जोमात असताना मेळावा भरवावयाचा आणि त्या शेतकऱ्याच्या तोंडून चार गौरवाचे शब्द वदवून त्याची छबी मोबाईलवर सर्वत्र पाठवावयाची. दर्जा, उत्पन्न व स्पर्धा या तीन गोष्टींनी पुरुषाचे मन वळते, हे विक्रेत्यास ठाऊक असते. पिकांवर फवारावयाच्या ‘टॉनिकां’चा प्रसार प्रायः याच मार्गाने झाला. या द्रव्यांस खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत २०२१ साली आणण्यात आले. तोपर्यंत शेतकऱ्यास शब्दाशिवाय दुसरी हमी क्वचितच होती.

स्त्रियांसाठी रीत निराळी. तेथे मोठ्या माणसाऐवजी जवळच्या माणसास पुढे केले जाते. अमेरिकेत टपरवेअर या प्लास्टिकच्या डब्यांच्या कंपनीने १९५१ साली दुकानांतील विक्री बंद करून केवळ घरगुती बैठकांतून विक्री सुरू केली. एका गृहिणीने शेजारणींस घरी बोलवावयाचे, डबे वापरून दाखवावयाचे, आणि शेजारणीच्या भिडेने प्रत्येकीने काहीतरी घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. ब्राउनी वाइज नामक बाईंनी ती नावारूपास आणली. माल चांगला असेल, तर या पद्धतीत वाईट काही नाही. परंतु हीच वाट धरून साखळीच्या योजना खेडोपाडी शिरतात. बचत गटातील एक बाई सभासद होते, मग तिने आणखी काही जणींस सभासद करावयाचे, आणि मालाच्या विक्रीऐवजी माणसांच्या भरतीवर पैसा मिळवावयाचा. अशा मनोऱ्याच्या योजनांस २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी बंदी आहे, आणि पैशांच्या साखळी योजनांवर तर १९७८ पासूनच कायद्याने बंदी आहे. तरीही त्या पसरतात, कारण त्या मैत्रिणीच्या तोंडून येतात. येथे बुडते ती केवळ रक्कम नव्हे. खऱ्या शिफारशीवरचा विश्वासही तिच्याबरोबर बुडतो.

स्त्रियांचा शब्द तेवढा खरा आणि पुरुषांचा खोटा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चुलीपाशीही अफवा पिकतात आणि चावडीवरही अनुभवाचे बोल ऐकू येतात. कोणताही शब्द हा पुरावा नव्हे. तो पुराव्याकडे जाण्याची वाट दाखवितो. शेजाऱ्याचे कापसाचे पीक चांगले आले, हे खरे असेल. परंतु त्याची जमीन काळी व आपली मुरमाड, त्याला दोन पाणी मिळाले व आपले पीक आभाळावर, तर त्याचा शब्द आपल्या रानात खोटा ठरतो. कोणी असेही म्हणेल की, शेतकरी घरी विचारल्याशिवाय पाऊल टाकीत नाही, मग ही वेगळी चर्चा कशास? काही घरांत हे होते, हे आम्ही जाणतो आणि त्या घरांचे अभिनंदन करतो. पण पिशवी आणल्यावर ‘हे आणले’ असे सांगणे आणि आणण्यापूर्वी ‘कोणते आणू’ असे विचारणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

तेव्हा आमच्या सभासदांपुढे आम्ही पुढील सूचना ठेवीत आहो. पहिली अशी की, संघाच्या प्रत्येक शाखेने खरिपापूर्वी व रब्बीपूर्वी एकेक बैठक केवळ बियाण्याच्या अनुभवासाठी घ्यावी, आणि ती स्त्रियांस येता येईल अशा वेळी घ्यावी. सातबारावर नाव असो वा नसो, ज्या घरचे बी, त्या घरच्या स्त्रीपुरुष दोघांसही बोलावणे जावे. बैठकीत प्रथम स्त्रियांस बोलू द्यावे. कारण पुरुषांचे बोलून झाल्यावर आमच्या सभांत बहुधा कोणी बोलत नाही.

दुसरी सूचना पीकप्रात्यक्षिकाविषयी आहे. तेथे जी नोंद होते, ती पोत्यांची होते. तिच्या शेजारी दुसरा रकाना असावा: दाण्याची प्रत, भाकरीची किंवा भाताची चव, चाऱ्याचे प्रमाण व जनावरांची पसंती, साठवणीत कीड किती लागली, खुरपणीस व वेचणीस मजूर किती लागले. कापसाचे बोंड वेचावयास सोपे की अवघड, हे वेचणारणीस विचारल्याशिवाय कसे कळणार? हा रकाना स्त्रियांनी भरावा व दोन्ही रकान्यांचे वाचन एकत्र व्हावे.

तिसरी सूचना, अपयशाचीही नोंद ठेवावी. यश सर्वजण सांगतात, फसलेले पीक मात्र लाजेने झाकले जाते. त्यामुळे तोंडी वार्तेत चांगलेच तेवढे उरते आणि पुढच्या वर्षी दुसरा फसतो. शाखेच्या वहीत वाणाचे नाव, पिशवीवरील लॉट क्रमांक, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय, पेरणीची तारीख आणि उतारा एवढे लिहिले, तरी तोंडच्या शब्दास पुराव्याचे वजन येईल.

चौथी सूचना, शिफारस करणाऱ्यास एक प्रश्न निर्भीडपणे विचारावा: यात तुम्हांस काय मिळते? जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल, तर तो उघड केला पाहिजे, असे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. हा दंडक आपण मेळाव्यांतही लावावा. बी फुकट घेऊन गौरव करणाऱ्याने तसे सांगून गौरव करावा, आणि साखळी योजनेचे आमंत्रण देणाऱ्या मैत्रिणीसही हाच प्रश्न विचारण्यात स्नेहभंग मानू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. शब्द कोणाचाही असो, पक्की पावती, पिशवी व तिची खूणचिठ्ठी जपून ठेवावी आणि नवे बी प्रथम थोड्याच रानात करून पाहावे. बी न उगवल्यास तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार ताबडतोब करावी. तेथे शेजाऱ्याचा शब्द उपयोगी पडत नाही, कागद उपयोगी पडतो.

कपडा वाईट निघाला तर तो टाकून दुसरा आणता येतो. बियाण्याचे तसे नाही. मृगात चुकलेली पेरणी मार्गशीर्षात भरून येत नाही. एक हंगाम गेला की त्याबरोबर कर्जाचा हप्ता, मुलांची फी व जनावरांचा चारा हे सारे एकदमच जाते, आणि त्याचा भार घरातील दोघांवरही सारखाच पडतो. नुकसानीत ज्याचा वाटा आहे, त्याचा सल्ल्यातही वाटा असावा, हा साधा न्याय आहे. व्यापाऱ्याने स्त्री व पुरुष यांच्या ऐकण्यातील भेद ओळखून आपला नफा साधला. आपण तोच भेद ओळखून दोघांचे अनुभव एका वहीत आणले, तर नफा आपल्या घरी राहील. येत्या हंगामापूर्वी निदान काही शाखांनी हा प्रयोग करून पाहावा आणि त्यांचे अनुभव, बरे असोत वा वाईट, आम्हांकडे लिहून पाठवावे. ते या मासिकात अवश्य प्रसिद्ध केले जातील.